पाहुण्यांची खुर्ची

खुर्ची आली तेव्हा राइनाबाई अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. दोन माणसांनी ती घाम गाळत फाटकातून आत आणली, वरचा पुठ्ठा फाडला, आणि राइनाबाई दाणे टाकायचं विसरून बघत राहिल्या. मऊ राखाडी गादी, रुंद हात, मान टेकायला वेगळी उशी. अशी खुर्ची गल्लीतच काय, अख्ख्या त्रोयान गावात कुणाकडे नसेल. त्यांच्या मुलाने, प्लामेनने, ती जर्मनीहून पाठवली होती.

"ही साधी खुर्ची नाही, आई," प्लामेन फोनवर म्हणाला. "तिच्या गादीत यंत्रं आहेत. तू बसलीस की इथे मला कळतं. वजन कळतं, नाडीचे ठोके कळतात. सकाळी दहापर्यंत कुणी बसलंच नाही, तर माझा फोन बोंब मारतो."

"म्हणजे चुगली करते."

"काळजी घेते! आणि आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?"

ते राइनाबाई कशा विसरतील? गेल्या हिवाळ्यात त्या अंगणातल्या बर्फावर घसरल्या होत्या आणि शेजाऱ्याला ऐकू जाईपर्यंत वीस मिनिटं तशाच पडून होत्या. पाय नुसता मुरगळला होता, पण प्लामेनने धसका घेतला. 'शरद ऋतूपर्यंत या खुर्चीच्या भरवशावर राहून बघ. काही गडबड झाली, तर सरळ स्टुटगार्टला माझ्याकडे यायचं,' असं त्याने ठरवून टाकलं. राइनाबाई तिथे एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. चौथा मजला, अंगण नाही, टोमॅटोला चव नाही, आणि कोंबडी दिसायची ती फक्त दुकानातल्या पिशवीत. तिथे कायमचं जायचा विषय निघाला की त्या कोंबड्यांचं निमित्त काढून फोन ठेवायच्या.

पण प्लामेनला देश सोडून बावीस वर्षं झाली होती, आणि त्यामुळे तो एक मोठी गोष्ट विसरला. आमच्याकडे घरातली चांगली वस्तू घरच्या माणसांसाठी नसते. ती पाहुण्यांची. प्रत्येक घरात एक बंद खोली असते. तिथे कपाटात काचेचे पेले चमकतात, कोचावर नायलॉनचं आवरण असतं, आणि घरची माणसं तिथे फक्त धूळ पुसायला जातात. राइनाबाईंनी खुर्ची त्याच खोलीत नेऊन ठेवली, नायलॉनने झाकली, त्यावर आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल अंथरला आणि दार लोटून घेतलं. मग स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ आपल्या लाकडी स्टुलावर बसून त्या शेंगा सोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता स्टुटगार्टमध्ये फोनने बोंब मारली. प्लामेनने आईला सहा वेळा फोन लावला. आई परसात होती, फोन घरात. मग त्याने शेजारच्या डिमोला लावला. डिमो म्हणजे निवृत्त बसचालक, शरीराने भारदस्त. मागचापुढचा विचार न करता त्याने कुंपणावरून उडी टाकली आणि थेट टोमॅटोच्या वाफ्यात कोसळला.

"राइनाताई! जिवंत आहात का?"

"मी आहे. माझे टोमॅटो गेले!"

प्लामेनने फोनवर स्पष्ट बजावलं. "आई, रोज त्या खुर्चीत बसायचं. पुन्हा असं झालं, तर मी न्यायला येतो."

राइनाबाईंनी प्रयत्न केला, नाही असं नाही. चपला काढल्या, हात धुतले, नायलॉन बाजूला केलं आणि खुर्चीच्या अगदी काठावर टेकल्या. पण आपल्याच घरात त्यांना परक्यासारखं वाटायला लागलं. अर्ध्या मिनिटात त्या उठल्या.

"माझ्याच्याने नाही व्हायचं, डिमो. उद्या कुणी आलं तर त्याला वापरलेली खुर्ची द्यायची?"

"मग मी बसतो की," डिमो म्हणाला. "मी पाहुणाच ना?"

राइनाबाईंनी विचार केला. डिमो शेजारी होता, पण रीतसर दार वाजवून आला तर तो पाहुणाच. नियम मोडत नव्हता आणि जर्मनीही टळत होती. त्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवसापासून डिमो रोज नऊला धुतलेली पँट घालून यायचा. खुर्चीत रेलून बसायचा, कॉफी प्यायचा, अंजिराचा मुरंबा चाटून खायचा आणि तासाभराने समाधानाने घरी जायचा. दोन दिवस कसे झकास गेले. तिसऱ्या दिवशी प्लामेनने पहिल्यांदाच वजनाचा आकडा उघडून बघितला, आणि डिमो खुर्चीत असतानाच फोन आला.

"आई, तू खातेयस तरी काय?" प्लामेनने घाबरून विचारलं. "साठ किलोची होतीस, चौऱ्याण्णव झालीयस!"

"खुर्ची चुकत असेल रे."

"वाळूच्या पोत्याने तपासलीय ती! ही सूज असणार. पाय दाबून बघ, खड्डा पडतो का?"

राइनाबाईंनी फोनवर हात ठेवला. "डिमो, पाय दाबून बघ रे तुझा."

डिमोने पोटरी दाबली आणि मान हलवली.

"नाही पडत," राइनाबाई फोनवर म्हणाल्या.

"तरी आजपासून मीठ बंद. लोणी बंद, ती चीज भरलेली बनित्सा बंद, मुरंबा तर अजिबात बंद! वजन उतरलं नाही तर मी येतोय."

फोन ठेवून राइनाबाईंनी डिमोच्या हातातली मुरंब्याची वाटी काढून घेतली.

"हे काय?" डिमो उसळला. "वजन वाढलं तुमचं आणि उपाशी मी राहू?"

"वाढलेलं तुझंच आहे ना!"

"पण नावावर तुमच्या आहे!"

"डिमो," राइनाबाईंचे डोळे भरून आले, "माझं घर सुटेल रे."

बिचारा डिमो विरघळला. सहा दिवस त्याने काकड्या आणि दही खाल्लं. सातव्या दिवशी प्लामेनचा खुशीत फोन आला, "शाबास आई, ब्याण्णव!" डिमोने ते ऐकून इतका लांब उसासा टाकला की खुर्चीने त्याचीही नोंद केली असावी.

मग डिमोला तीन दिवसांसाठी प्लेव्हनला बहिणीकडे जावं लागलं. जाताना तो म्हणाला, "काळजी करू नका राइनाताई, मिल्काला पाठवतो." मिल्का त्याची बायको. काटकुळी, वाऱ्याने उडेल अशी.

"मी बसते, त्यात काय मोठंसं?" मिल्का म्हणाली. "खुर्चीला काय माणसं ओळखता येतात?"

ती नऊ वाजता बसली. नऊ वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला.

"आई! काल ब्याण्णव आणि आज सेहेचाळीस?"

राइनाबाईंना दुसरं काही सुचेना. "तूच म्हणालास ना, मीठ बंद कर म्हणून!"

"काही बोलू नकोस, पडून राहा. मी निघतोय. आता काही ऐकणार नाही, सामान बांध!"

प्लामेनने गाडीची मागची सीट काढून घरात ठेवली, म्हणजे आईची गाठोडी मावतील. फोनवर येणारे खुर्चीचे निरोप त्याने बायकोच्या, सिल्वियाच्या फोनवरही जोडून दिले. आणि न थांबता, वाटेत अकरा कप कॉफी पिऊन, सतराशे किलोमीटर गाडी हाणली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फाटकातून धावत आत शिरला, तर आई अंगणात भोपळी मिरच्यांचं पोतं उचलून भट्टीकडे नेत होती. बाजूला मिल्का भाजलेल्या मिरच्या सोलत बसली होती.

"तू... बरी आहेस?"

"मी बरीच होते."

प्लामेनने आईचे दोन्ही हात धरले, तिचा चेहरा निरखला, पायांकडे पाहिलं. मग तो पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. दोन दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरला होता. मिल्काने त्याला पाणी दिलं आणि दोघींनी मिळून सगळं कबूल करून टाकलं.

"म्हणजे इतके दिवस मी डिमोकाकांचं वजन उतरवत होतो?"

"आणि उतरवलंस हो, दोन किलो!" मिल्का म्हणाली. "मला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं."

प्लामेन हसला, पण लगेच गंभीर झाला. "पण आई, तू त्या खुर्चीत बसलीच नाहीस. उद्या खरंच पडलीस तर मला कसं कळणार? ठरलं ते ठरलं. सकाळी निघायचं."

राइनाबाईंनी वाद घातला नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरला. "बरं," त्या म्हणाल्या. "आधी आत ये, जेवून घे."

तो सवयीने स्वयंपाकघराकडे वळला. राइनाबाईंनी बंद खोलीचं दार उघडलं आणि खुर्चीवरचं नायलॉन काढलं.

"इथे बस."

"ही तर पाहुण्यांची ना?"

"वर्षातून चार दिवस येतोस. पाहुणाच की."

प्लामेनला हे लागलं. तो खुर्चीत बसला. आई सूप घेऊन येईपर्यंत त्याची मान उशीवर कलंडली होती आणि खिशातला फोन वाजत होता. तो काही जागा होईना. शेवटी राइनाबाईंनीच फोन काढून घेतला.

"प्लामेन, पोचलास का?" सिल्विया ओरडत होती. "आईंची नाडी एकशे बारा दाखवतेय! लगेच डॉक्टर बोलव!"

"सिल्विया, मी उभी आहे गं. खुर्चीत तुझा नवरा आहे."

"मग त्याच्यासाठी बोलवा!" सिल्विया म्हणाली.

गावातले डॉक्टर आले. त्यांनी प्लामेनला उठवलं, छाती तपासली, रक्तदाब पाहिला. राइनाबाई दाराची चौकट घट्ट धरून उभ्या होत्या. आता जर्मनी गेली खड्ड्यात, पोरगा धड असू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"हृदय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरायचं कारण नाही. पण हा माणूस झोपेचा उपाशी आहे. दोन आठवडे सक्तीची विश्रांती. गाडीच्या चाव्या त्याला देऊ नका."

राइनाबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी डॉक्टरांच्या पिशवीत मुरंब्याच्या दोन बरण्या कोंबल्या.

फोनवर सिल्विया अजून होतीच. "आई, इकडे तो कामाच्या दोन-दोन पाळ्या करतो, माझं ऐकत नाही. त्याला एकटं सोडायची भीती वाटते. काही दिवस तुमच्याकडेच ठेवून घ्याल का?"

राइनाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "ठेवून घेईन," त्या म्हणाल्या. "प्लामेन, ऊठ तिथून."

"आता कुठे बसू?"

"स्वयंपाकघरात. राहायला आलेला माणूस पाहुण्यांच्या खोलीत नाही बसत."

प्लामेन निमूटपणे उठला. चुलीजवळच्या स्टुलावर बसून त्याने दोन वाट्या सूप संपवलं आणि मान खाली घालूनच म्हणाला, "आई, तू इथेच राहा. डिमोकाका रोज बघायला येतातच, आणि महिन्यातून एकदा मीच येत जाईन."

"ये," राइनाबाई म्हणाल्या आणि नायलॉन झटकून पुन्हा खुर्चीवर अंथरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता स्टुटगार्टमध्ये सिल्वियाचा फोन बोंब मारू लागला. खुर्चीत कुणीच बसलेलं नव्हतं. तिने तो निवांत बंद केला आणि कॉफी करायला उठली.