हार पडल्यावरचे आख्यान

पेन्शन सुरू झाली की आपण कीर्तनकार होणार, आणि असे होणार की वर्ध्याहून लोक एस.टी. भरभरून आपल्या गावी, आंजीला येतील, हे चंद्रभानजींनी निरोपाच्या हारातली शेवंती सुकायच्या आत जाहीर करून टाकले. ते साल अठ्ठ्याहत्तर. सगळी नोकरी वर्ध्याच्या कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर गेलेली. जीव मात्र कीर्तनात. आसपासच्या गावात कुठे टाळ वाजले की हा माणूस सायकल काढून हजर. ऐकता ऐकता अर्धे बुवा झालोच आहोत, उरलेले अर्धे रिटायर झाल्यावर होऊ, असा त्यांचा हिशेब.

त्यांच्या पत्नीने, मनकर्णाबाईंनी, या बेताला ताबडतोब मंजुरी दिली. कारण दोन दिवसांपासून चंद्रभानजी त्यांच्या स्वयंपाकघरात कचेरी चालवत होते.

"अवं, हळदीचा डबा कुठी गेला?"

"पार शेवटी, 'ह'मध्ये पाहा. बाराखडीनं लावले म्या सारे डबे."

"तुमी कीर्तन करा बाप्पा. आजपासूनच करा."

पण एका संध्याकाळी ओसरीवर टाळ पुसता पुसता चंद्रभानजी हळूच म्हणाले, "हे नाई जमलं नं, तं मी निरा पेन्शनर होऊन राहीन. कोनी इच्यारलं, काय करता, तं सांगाले काई राह्यलं नाई मायापाशी."

मनकर्णाबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या समोर बसून त्यांचे आख्यान ऐकू लागल्या. देव भिकाऱ्याच्या वेषात भक्ताघरी जेवायला येतो, ते आख्यान. दत्तजयंती येईपर्यंत ते गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा पाठ झाले असेल.

दत्तजयंतीला देऊळ गच्च भरले. मागे पेटीवर प्रेमदास. पुढे बायांमध्ये मनकर्णाबाई. खांबाला टेकून देवळाचे पंच बबनराव. आख्यानाआधीचा पूर्वरंग झकास झाला. देव कोणत्या वेषात दारी येईल सांगता येत नाही, हे चंद्रभानजींनी असे रंगवले की दोन म्हाताऱ्यांनी दाराकडे वळून पाहिले. मग रिवाजाप्रमाणे मध्ये भजन झाले, बबनरावांनी बुवांच्या कपाळी बुक्का लावला, आणि गळ्यात शेवंतीचा हार घातला.

तिथेच घात झाला.

लग्नातला सोडला तर चंद्रभानजींच्या गळ्यात हार पडला होता तो एकदाच, निरोप समारंभात. तेव्हा त्यांनी भाषण घोकून नेले होते. पण त्यांनी तोंड उघडले आणि दारात साहेबांची जीप लागली. साहेब दौऱ्यावर गेले, मंडळी चिवडा आटोपून पांगली, आणि भाषण पोटातच राहिले. आता मानेला ओली शेवंती लागली मात्र, डोक्यातून भक्त गेला, भिकारी गेला, आणि ते भाषण उठून उभे राहिले.

"आदरणीय साहेब आणि सहकारी मित्रहो," चंद्रभानजींनी हात जोडले.

प्रेमदासच्या पेटीचा सूर लांबला आणि मध्येच मेला.

"हे कोन्या पुरानातलं हाय जी?" मागून कुणीतरी विचारले.

"चूप बसा," बबनराव दबल्या आवाजात म्हणाले. "देव यायचा हाय अजून. साहेबाच्या वेषात येईन, पाहा."

आपण काय बोलतो आहोत ते चंद्रभानजींना चांगले ऐकू येत होते, पण थांबता येत नव्हते. उताराला लागलेली बिनब्रेकची सायकल जणू. टेबल आले, टपालाचे शिक्के आले, पावसाळ्यात गळणारे छप्पर आले. देव काही येईना. मागची माणसे चपला शोधू लागली. चंद्रभानजींच्या कपाळावरचा बुक्का घामाने नाकावर उतरला. सांगायला काही उरले नव्हते. भाषणाचा फक्त शेवट उरला होता.

"एक नाव या कचेरीच्या हजेरीत कधी लागलं नाही," ते म्हणाले. "पहिल्या एस.टी.च्या आधी, कडाक्याच्या थंडीत, तिची चूल पेटलेली असे. माझ्या पिशवीत डबा नाही असा दिवस नाही. मीही तो कधी उष्टा परत आणला नाही. पण चांगलं झालं होतं, एवढं तिला कधी म्हटलं नाही. वाटलं, रिटायर झाल्यावर म्हणू."

बायांमधून हुंदका आला. मनकर्णाबाईंचा, आणि तोही असा की शेजारच्या सुलोचनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, त्यांचे पाहून अख्ख्या रांगेने लावला. चपला शोधणारे खाली बसले.

"आला पाहा," बबनराव डोळे पुसत म्हणाले. "डबा घेऊन आला."

प्रेमदासने तेवढ्यात गजर उचलला. आरती झाली, लोक बुवांच्या पाया पडले, आणि जाम गावाहून आलेल्या पाहुण्यांनी पुढच्या पुनवेचे आमंत्रण दिले. "पन आख्यान हेच पायजे बुवा. दुसरं नाई."

घरी आल्यावर चंद्रभानजींनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, "मी आख्यान इसरलो होतो."

"मले नाई मालूम? भिकारी आलाच नाई. लोकं उठून राह्यले होते, म्हून तं रडली मी."

चंद्रभानजींचा चेहरा पडला. "म्हंजे खोटंच रडली?"

"सुरू खोटंच केलं," मनकर्णाबाई चुलीकडे वळून म्हणाल्या. "मंग थांबताच येईना."

चंद्रभानजी पाटावर बसले. ताटात भाकरी पडली, वरण पडले. भाकरी मोडता मोडता त्यांनी भीत भीत विचारले, "मंग जामले हेच सांगू?"

"सांगा नं. मी हावोच पुढं बसाले. फक्त ते उष्ट्या डब्याचं तेवढं काढून टाका. देवाच्या दारात खोटं बोलू नाई. तुमच्या हापिसातला तानबा चपराशी मले जवा भेटे, तवा म्हने, बाई, कारल्याची भाजी लय मस्त करता तुमी."