तांडेलांच्या गाडीतला रुमाल

आमच्या शेजारचे हिराजी तांडेल कुणाला गाडीत बसवायचं झालं की आधी खांद्यावरचा चौकड्याचा रुमाल काढायचे आणि गाडीतल्या स्क्रीनवर टाकायचे. मग म्हणायचे, "हां, बस आता."

गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. तांडेलांनी आमच्या मुरबे गावात जन्मभर मासेमारीची बोट चालवली. गुडघे गेले तेव्हा बोट विकली आणि ही घेतली. तिच्यात कंपनीचा मूळ टेप होता, तो त्यांना कधीच पटला नाही. "रस्ता दाखवत नाय, नुस्ता गातो," म्हणायचे. शेवटी बोईसरच्या एका दुकानात जाऊन त्यांनी तो काढायला लावला आणि त्या जागी रस्ता दाखवणारी मोठी स्क्रीन बसवली. सोबतीला मला नेलं होतं, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

कारागिराने जीपीएसच्या अँटेनाची काडेपेटीएवढी डबी डॅशबोर्डखाली चिकटवायला घेतली. तांडेलांनी त्याचा हात धरला.

"टपावर लाव. आभाळ दिसल्याबिगर ती काय सांगंल?"

"चाचा, ये गाड़ी है, बोट नहीं."

"मालूम हाय. टपावर लाव."

डबी टपावर गेली. तिच्या शेजारी तांडेलांनी विकलेल्या बोटीचा बावटा लावला, दुकानाच्या पायरीवर नारळ फोडला, स्क्रीनला हळद-कुंकू वाहिलं. "पाण्याची खोली दाखवते काय?" हेही विचारून घेतलं. त्यानंतर गावात कुणाची सुटका नव्हती. वाटेत माणूस थांबवून ते त्याला काचेतून स्क्रीनवरचं घड्याळ दाखवायचे, रेडिओ ऐकवायचे. "भाबी चुकत नाय," हे पालुपद. भाबी म्हणजे हिंदीत रस्ता सांगणारी आतली बाई. नकाशा मात्र कुणालाही दिसला नाही.

मुरब्यात त्याचं फारसं नवल कुणाला वाटलं नाही. मासळी कुठे लागते तो पॉइंट बोटीच्या जीपीएसमध्ये ठेवलेला असतो आणि कुठलाही तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तो सख्ख्या भावालाही दाखवत नाही. हातपाय थकले की पोराला देतो, बस. पण रस्त्यावर कसले पॉइंट? दर रविवारी तांडेल सकाळी एकटेच डोंगराकडे निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. गावाने निकाल लावून टाकला, म्हातारा तिकडे प्लॉट घेतोय. माझा भाऊ तर गुंठ्याचा दरही सांगायचा.

गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शनिवारी ते आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"पोरी, तुला गाडी येते. उद्या मला ने. रविवार चुकवून चालायचा नाय."

"कुठे, काका?"

"भाबी सांगंल."

रविवारी भाबी रुमालाखालून बोलत होती. चिल्हार फाट्यापर्यंत ठीक चाललं. विक्रमगडच्या बाजूला ती म्हणाली, "दाएँ मुड़ें," आणि उजवीकडे दोन रस्ते जात होते. मी ब्रेक मारला.

"काका, रुमाल काढा. नाहीतर मी इथेच डबा उघडून जेवायला बसते."

तांडेल रुमालाचं टोक चिमटीत धरून बसून राहिले. मग एकदम ओढला.

नकाशावरचे सगळे पॉइंट डोंगरात होते. समुद्राच्या बाजूला एकही नव्हता.

"इतके प्लॉट?"

"कसले प्लॉट? माजे खलाशी हायत ते."

डोंगरातल्या पाड्यांवरची ही माणसं वर्षानुवर्षं त्यांच्या बोटीवर होती. बोट विकली तशी आपापल्या घरी परतली. "घरात भिंतीशी बोलू काय? म्हणून एकेकाला हुडकत आलो नि पॉइंट मारला," तांडेल म्हणाले. "गावात सांगू नको. तांडेल खलाशाच्या दारी जातो म्हणून हसतील."

एका पाड्यावरच्या घरासमोर गाडी थांबली. बावटा पाहूनच त्यांचा म्हातारा खलाशी लखमा काठी टेकत अंगणात आला. तांडेलांनी सुक्या बोंबलांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि दोघे ओट्यावर खांद्याला खांदा लावून बसले.

"तांडेल, दर्या कसा हाय?" लखमाने विचारलं.

"वारा पडलाय. जाळी टाकायला बरा."

"मंग टाकू," लखमा म्हणाला, आणि दोघे ठसका लागेपर्यंत हसले. मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. हा माणूस आपल्या शेजारी राहतो याचा मला फार अभिमान वाटला.

परतताना त्यांनी रुमाल स्क्रीनवर टाकला नाही. म्हणाले, "पॉइंट पोराला देतात. माजा पोरगा परदेशात, त्याला दर्या नको नि डोंगर नको. डोळा नाय सुधरला तर यांच्याकडं कोण येनार? तू बगून ठेव. पुढल्या रविवारी देवजीकडं जायाचं."

"बघून ठेवलं, काका."

आता ती गाडी मीच चालवते. परवा माझ्या भावाला स्टेशनवर सोडायचं होतं. दार उघडताच त्याने मान आत घातली. "बघू तरी, म्हाताऱ्याचे प्लॉट कुठे आहेत!"

मी ओढणी काढली आणि स्क्रीनवर टाकली.

"हां, बस आता."