बाकावरचे फरगोज

आमच्या शाळेत बाकावर उभं राहण्याची शिक्षा फरगोज घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेली आहे. बाकीची मुलं अंगठे धरतात, उठाबशा काढतात, मैदानाला फेऱ्या मारतात. बाकावर मात्र फरगोजच.

शाळा म्हणजे सेंट पॅन्टालियन बॉईज हायस्कूल, केळीपाडा. वसईहून पश्चिमेला निघालात की सोनचाफ्याच्या वाड्या संपतात तिथे चर्च, चर्चला लागून मैदान आणि मैदानापलीकडे आमची कौलारू इमारत. मी तिथेच शिकलो आणि तिथेच मराठी शिकवतो, त्यामुळे सांगतोय ते सगळं आतलं आहे.

सुरुवात फादर हिलारिओंनी केली. हे शाळेचे संस्थापक, जातीचे पोर्तुगीज. सगळ्या मुलांना आडनावाने हाक मारायची त्यांची पद्धत. एकदा ते वर्गात नोहाच्या तारवाची गोष्ट सांगत होते. प्राणी जोडीजोडीने तारवात चढत होते. पक्ष्यांची पाळी आली आणि मागच्या बाकांवरून कोंबडा आरवला. इतका हुबेहूब, की फादर क्षणभर खूशच झाले. मग त्यांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, "फरगोज! मी परत येईपर्यंत बाकावरून उतरायचं नाही." एवढं बोलून ते दारात कोण आलंय ते बघायला गेले. दारात बिशपांचा माणूस होता. फादरांची बदली मोझांबिकला झाली होती आणि बोट सुटायच्या बेतात होती.

फादर परत आले नाहीत. बस्त्याव फरगोज उतरला नाही.

नवीन फादर आले, पण एका फादरची आज्ञा दुसऱ्याने कशी मोडायची? बस्त्याव पास होऊन वरच्या वर्गात गेला तेव्हा त्याला बाकासकट उचलून न्यावं लागलं. चार दांडगी पोरं खाली, बस्त्याव वर. तो शाळा सोडून गेला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ चढला, कारण फादरांनी नुसतं 'फरगोज' म्हटलं होतं, बस्त्याव म्हटलं नव्हतं. भावानंतर चुलतभाऊ, मग मुलगे, मग पुतणे. मध्यंतरी फादर हिलारिओ तिकडेच वारल्याची तार आली, तेव्हा गावात जरा चलबिचल झाली. पण चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेत त्या वेळच्या हेडमास्तर फादरांनी स्पष्ट केलं की मृतांच्या पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे. मरणाने परत येणं रद्द होत नाही, लांबतं. लोक समाधानाने घरी गेले.

तेव्हापासून हे सुरळीत चालू आहे. शाळेच्या वेळात बाक कधी रिकामा राहत नाही. दर जूनला शाळा उघडते त्या दिवशी बाक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो, वर फरगोज, पुढे बॅन्ड. पास्कू फरगोज फार उंच निघाला म्हणून त्याच्या डोक्यावरचं कौल काढलं होतं. तो गणित आत शिकायचा आणि हवा बाहेर खायचा. लग्न जमवताना अजूनही लोक विचारतात, "कुठले फरगोज? बाकावरचे की खालचे?" बाकावरचे म्हटलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

अडचण आली ती सहा-सात वर्षांपूर्वी. तेव्हा बाकावर रॉयस्टन होता आणि त्याची दहावी संपत आली होती. त्याच्या मागे घरात मुलगाच नव्हता. त्याचे काका इनास फरगोज, ज्यांची चाफ्याची वाडी आहे, त्यांना एकच मुलगी, लिडविन. ती चौथी पास होऊन पाचवीत चालली होती.

हे हेरलं सिल्वेस्टर तुस्कानोने. सिल्वेस्टरचा बॅन्ड. लग्न, चर्चच्या सणाचं फेस्त, मयत, सगळीकडे तोच वाजवतो, आणि जूनमधली बाकाची मिरवणूकही तोच. एका सकाळी तो आपल्या मुलाला, एल्ड्रिनला, हाताला धरून हेडमास्तर फादर मॅक्सिमांच्या ऑफिसात आला. इनास लिडविनला घेऊन आधीच येऊन थांबले होते. मी हजेरीपट घ्यायला गेलो होतो आणि तो सापडत नाही असं दाखवत तिथेच उभा राहिलो.

"फादर, सरळ बोलतो," सिल्वेस्टर म्हणाला. "कोंबडा आमचा होता."

"कुठला कोंबडा?" इनासनी विचारलं.

"तारवातला! आमच्या आजाने आरवला तो. गाब्रू तुस्कानोने. शिक्षा आमची, आणि मिरवताय तुम्ही! इतक्या पिढ्या आमच्या हक्काची शिक्षा खाल्ली या लोकांनी, फादर. वर दर जूनला मीच यांच्यापुढे वाजवत चालायचं!"

"मग तेव्हाच का नाही बोलला तुझा आजा?"

"शिक्षा होईल म्हणून."

इनास हसले. सिल्वेस्टर आणखी तापला. "हसा, हसा. पण आता चढणार कोण तुमच्याकडून? तुम्ही स्वतः? गुडघे बघा ते!"

फादर मॅक्सिमांनी चष्मा पुसला. "सिल्वेस्टर, कोंबडा कुणाचा हा प्रश्नच नाही. निरपराध असणं हे या शाळेत शिक्षा माफ व्हायचं कारण कधीच नव्हतं. पण बाक रिकामा राहायला नको, हे तुझं बरोबर आहे. फरगोजांकडून कुणी नसेल तर एल्ड्रिनचा विचार करावा लागेल."

"आहे ना," इनास म्हणाले. "ही काय लिडविन. फरगोजच आहे." आवाज त्यांनी चढा ठेवला होता, पण टोपीची कड हातात फिरत होती. बाक गेला असता तर ते घराण्यातले पहिले खालचे फरगोज झाले असते.

"पोरगी?" सिल्वेस्टर उठलाच. "चला, सगळे चला फाटकाशी."

आम्ही सगळे फाटकाशी गेलो. तिथे संस्थापकांच्या काळची संगमरवरी पाटी आहे. सिल्वेस्टरने अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "'या शाळेत मुलींना बसता येणार नाही.' वाचा, इनासकाका. दगडात कोरलंय."

इनासनी वाचलं आणि मान खाली घातली. लिडविननेही वाचलं.

"पण सिल्वेस्टरकाका," ती म्हणाली, "मी बसायला आलेच नाहीये."

फादर माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही मराठीचे. व्याकरण काय म्हणतं?"

"व्याकरण तिच्या बाजूने आहे," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

"उभी राहू दे मग," फादर म्हणाले. "पण लिडविन, फाटकाच्या आत एकदा जरी बसलीस, तरी बाक तुस्कानोंचा. कबूल?"

"कबूल."

जूनमध्ये रॉयस्टन एका टोकाने उतरला, लिडविन दुसऱ्या टोकाने चढली आणि बाक पाचवीत गेला. सिल्वेस्टरने बॅन्ड वाजवला, पण सगळी मयतीची गाणी वाजवली.

एल्ड्रिन तिच्याच वर्गात होता. ती बसते का, यावर नजर ठेवायचं काम बापाने त्याला दिलं होतं. ती बसली नाही. डबा उभ्याने खाल्ला, चित्रं उभ्याने काढली. चॅपलमध्ये गुडघे टेकले, पण गुडघे टेकणं म्हणजे बसणं नव्हे असा निर्णय फादरांनी दिला. एकदा तिला ताप भरला तेव्हा ती उभ्याउभ्या झोपली आणि एल्ड्रिनने तासभर तिचे पाय धरून ठेवले.

"शत्रूला धरून ठेवतोस?" सिल्वेस्टरने घरी विचारलं.

"पडली असती ना, डॅडी."

"मग पडू द्यायची!"

"माझ्या अंगावर?"

अशी ती दहावीत आली, आणि मग परीक्षा आली. परीक्षा कार्यालयातून एक साहेब केंद्र तपासायला आले. चहा घेतला, खोल्या बघितल्या, बाकावर उभी असलेली मुलगी बघितली.

"ही परीक्षेला बसणार ना?"

"नाही," फादर म्हणाले. "ही बसत नाही. उभी राहील."

साहेबांनी कप खाली ठेवला. "असं चालत नाही, फादर. परीक्षेला बसतात. उभे राहतात ते निवडणुकीला."

"मग निवडणूक घ्या."

साहेबांनी विचार केला. बाकाकडे पाहिलं, परत विचार केला. "घ्यावीच लागेल," ते म्हणाले. "मतदार कोण?"

"गावात दहावी झालेले सगळे," मी सुचवलं. ते साहेबांना पटलं.

ही बातमी सिल्वेस्टरकडे पोचली तेव्हा तो एका लग्नात वाजवत होता. तो वरात तशीच सोडून आला. "फादर, समोर कुणी नसलं तर ही बिनविरोध पास होणार! आमचा एल्ड्रिनपण उभा राहतो."

"राहू दे."

"आणि ती पडली तर?"

"पडली," फादर म्हणाले, "तर बाकावरून पडली. बाक तुझा."

त्या संध्याकाळी इनास माझ्याकडे आले. ओंजळभर चाफा घेऊन आले होते, तो द्यायचा विसरले. "सर, नापास झाली असती तरी चाललं असतं हो. आमच्यात कितीतरी झालेत. पण पडली तर आजा-पणजाचं नाव खाली येईल. गावात निम्मे लोक सिल्वेस्टरच्या बॅन्डवर नाचलेले. त्यांची मतं कुठे जाणार?"

काळजी खरीच होती. सिल्वेस्टरने प्रचाराला सगळा बॅन्ड उतरवला. लिडविनकडे काही नव्हतं. चौघं जण तिचा बाक उचलून घरोघर न्यायचे आणि ती वरून उत्तरं समजावून सांगायची. म्हाताऱ्यांना प्रमेय आवडायचं. "परत सांग गं," म्हणायचे, "आमच्या वेळी हे कुणी सांगितलंच नाही."

सभा फक्त एल्ड्रिनची झाली. सिल्वेस्टरने त्याला स्टेजवर ढकललं, ड्रम वाजला. एल्ड्रिनने माईक दोन्ही हातांनी धरला. "मंडळी, बीजगणितात माझी बाजू कमजोर आहे. उभं राहिलं की माझे पाय दुखतात. मत लिडविनला द्या. मला ट्रम्पेट वाजवायचाय." टाळ्या पडल्या. सिल्वेस्टरने बॅन्डला वाजवायची खूण केली, पण बॅन्डवालेही टाळ्या वाजवत होते.

मतदान शाळेतच झालं, दर विषयाला वेगळी खोली. प्रश्न वाचून दाखवायचा, दोन्ही उमेदवारांची उत्तरं ऐकवायची, पटेल त्याच्यावर शिक्का. गणित लिडविनने एकतर्फी मारलं. विज्ञानही घेतलं. इतिहासात चुरस झाली, कारण सनावळीवर लोकांत मतभेद होते. भूगोलात मात्र ती पडता पडता वाचली. सर्वांत लांब नदी कोणती, यावर तिने नाईल सांगितलं आणि एल्ड्रिनने घाबरून वैतरणा. वैतरणा प्रचंड बहुमताने निवडून आली; लिडविन बाकीच्या प्रश्नांवर तरली. अजून पुस्तकात बदल झालेला नाही, पण गावाने ठराव पाठवलेला आहे.

संध्याकाळी साहेबांनी निकाल वाचला. "कुमारी लिडविन इनास फरगोज दहावीला निवडून आल्याचं मी जाहीर करतो." इनासनी टोपी काढली, घातली, परत काढली. एल्ड्रिनची अनामत जप्त झाली. तो ऑक्टोबरला बसणार होता, आणि बसायला मिळणार म्हणून खूश होता.

"ठीक आहे," सिल्वेस्टर म्हणाला. "दहावी झाली ना? मग उतरा आता. पुढचा फरगोज दाखवा."

पुढचा फरगोज नव्हताच. इनास फादरांकडे बघायला लागले. फादर साहेबांकडे.

साहेबांनी बॅग बंद केली. "उतरा कसं म्हणता? निवडून आलेला माणूस पाच वर्षं उतरत नाही. हे तर तुम्हालाही माहीत असेल."

सिल्वेस्टरला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. त्याने बराच वेळ बाकाकडे पाहिलं, मग खांद्यावरचा ड्रम सारखा केला आणि वाजवायला घेतला. या वेळी लग्नातलं वाजवलं.

लिडविन आता दहावीच्या वर्गातच असते, पण तिचा अभ्यास संपल्यामुळे ती इतर कामं बघते. मधल्या सुट्टीत बाकापुढे रांग लागते. परवा पाचवीतल्या पोरांचं शिष्टमंडळ ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार घेऊन आलं होतं; शाळेत शुद्धलेखनाची सक्ती फार वाढली आहे, म्हणाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं, लक्ष घालते म्हणून सांगितलं आणि संबंधितांना बोलावणं पाठवलं.

संबंधित म्हणजे मी. उद्या सकाळी अकराला जायचं आहे. खुर्ची मिळणार नाही, असा निरोप आहे.