टिपणीवरील तेरा सह्यांची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. हकीकत शके १८९६, आनंद नाम संवत्सर, इसवी सन १९७४ ची. वाळवे प्रांती, इस्लामपुराहून तीन कोसांवर, श्रीभैरवनाथ सहकारी साखर कारखाना म्हणोन जे संस्थान, तेथील हिशेब खात्यात यंदा नवे कारकून दाखल जाहले आणि त्यांनी पुसिले जे, आपल्या टिपणीच्या माथी "सह्या दोनच" ऐसा रबरी ठसा का उमटवितात? पुसणे रास्त. मी कृष्णात, आवक-जावकीचा कारकून, बावीस वर्षे दाराशी बैसोन आल्यागेल्या कागदाची नोंद केली. जे पाहिले ते लिहितो. कोणाची भीड धरीत नाही, कारण पुढील महिन्यात आमचीही सेवा समाप्त होते.

तर त्या साली मुख्य लेखापाल निवृत्त होऊन आपले मुलुखी, वाईस गेले आणि त्यांची वेताची, दोहों हातांची खुर्ची रिकामी राहिली. संचालक मंडळाने ठराव केला की, यंदा भाद्रपद अधिक, त्यामागे निज भाद्रपद, त्यात पितृपक्ष, सबब दसरा होईतो कोणी नेमू नये. झाले! खुर्ची मोकळी आणि तिजकडे तोंड करोन दोन मातबर सरदार. त्यांची मनःस्थिती काय वर्णावी!

एक, राजमान्य राजश्री विष्णुपंत, सांगलीकर. कारखान्याची चिमणी उभी राहण्याआधीपासोन चाकरीस, अक्षर मोत्याचे, शाई निळी-काळी, स्वभाव तिखट. दुसरे, राजश्री लालासाहेब, फौजेतील निवृत्त हवालदार, पलटणीच्या कचेरीत लेखणी चालवोन आलेले, घरी ऊस, मिशीस पीळ, आवाज ऐसा की वजनकाट्यावरील बैल कान टवकारीत. पंतांनी एके सोमवारी आपली छत्री त्या खुर्चीत ठेविली आणि म्हणो लागले, ओली आहे, वाळो द्या. पाऊस चार दिवस नव्हता. मग मंगळवारी लालासाहेबांनी छत्री खिडकीस टांगोन तेथे आपली जेवणाची पिशवी बसविली. बुधवारी पिशवी खाली, छत्री वर. ऐसे दोन महिने ठाणी बसली आणि उठली. खात्यात एकच पंखा, तो कोणाकडे वळवावा यावर आठवडाभर खलबत जाहले आणि शेवटी तो भिंतीकडे वळविला गेला. आम्ही सर्व घामाने भिजलो, परंतु पंख्याचा मान कोणासही गेला नाही.

आता या युद्धात जिचा जीव टांगणीस लागला तिचे नाव शरयूबाई. सांगलीहून रोज एस.टी.ने येत. घरी आई गोदावरीबाई, लोकांची झंपर शिवोन देत, आणि तिची दृष्टी अधू होत चाललेली. शरयूबाई खात्यात सहा वर्षे, परंतु तात्पुरत्या. दर तीन महिन्यांनी हुकूम संपे, एक दिवस घरी बसत, मग नवा हुकूम होई. कायम माणसास मेजाचा खण आणि त्याची किल्ली मिळे. तात्पुरत्यास खण उघडा, कुलपावाचोन. सबब ही बाई आपली पेन्सिल, पट्टी, टाचणीची डबी रोज खांद्याच्या पिशवीतोन आणी आणि संध्याकाळी परत नेई. सहा वर्षे! आम्हांस ते पाहोन वाईट वाटे आणि आम्ही काही करीत नसो, हेही लिहोन ठेवितो.

त्या पितृपक्षात हुजुरातोन, म्हणजे कार्यकारी संचालक साहेबांकडोन, फर्मान सुटले की, जे तात्पुरते असतील त्यांस कायम करण्याची शिफारस शनिवारी दुपारी बारापूर्वी यावी. जयांची न येईल त्यांस त्याच दिवशी मुक्त करावे. आणि शिफारस करावी कोणी, तर मुख्य लेखापालाने. ती खुर्ची तर छत्रीने व्यापिलेली.

शरयूबाई सोमवारी पंतांकडे गेली. पंत चष्मा पुसोन वदले, "बाई, तुमचं काम उत्तम. पण मी सही केली, तर खुर्ची बळकावली म्हणून तो गृहस्थ गावभर ओरडेल." मग ती लालासाहेबांकडे गेली. ते म्हणाले, "सही करायला माझं काय जातंय गं? पर पंत लगेच साहेबाकडं चुगली करंल. न्हाई बा, दसऱ्यानंतर ये." दसऱ्यानंतर ती तिथे कोठली असणार होती! दप्तरखान्यात जाऊन, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यामागे उभी राहोन ती रडली. आम्ही सुतळी आणावयास गेलो होतो, तैसेच मागे फिरलो.

तो तिथेच, डोळे पुसता पुसता, तिची नजर एका कागदावर गेली. गतमासी खात्यास नवा माठ हवा म्हणोन टिपणी फिरली होती. साधा माठ! आणि खाली सह्या आठ. पंत, लालासाहेब, पंत, लालासाहेब.

हे का, ते नव्यांस सांगणे प्राप्त. कचेरीचा रिवाज ऐसा की, टिपणीवर धाकटा आधी सही करी, मग त्याचे खाली त्याचा वरिष्ठ. जयाची सही सर्वांखाली तो सर्वांत थोर. सबब हे दोघे कोणताही कागद दुसऱ्याच्या सहीखाली आपली सही चढविल्यावाचोन सोडीत नसत. माठ आला तोवर अधिक महिन्यातील उन्हाचा जोर ओसरला होता.

शरयूबाई उभी राहिली, पदर खोचला आणि समजली जे, यांस सही मागावयाची नाही, पहिली सही तेवढी पाडावयाची. मंगळवारी तिने सुवाच्य टिपणी लिहिली, खाली आपली 'सादर' म्हणोन सही केली आणि पंतांपुढे ठेवोन म्हणाली, "पंत, शिफारस नको. नुसतं 'पाहिले' म्हणून लिहा. मी असा अर्ज केला, एवढंच." पाहण्यात कोणता गुन्हा? पंतांनी "पाहिले" लिहोन सही ठोकली. पहिली सही पडली.

मग ज्ञानू शिपाई, जो उभय छावण्यांमधील जासूद, तो कागद घेऊन लालासाहेबांकडे रवाना जाहला. लालासाहेबांनी पंतांची सही पाहिली आणि मिशा थरथरल्या. "पंतानं नुसतं बघितलं व्हय? आमी शिफारस करतो!" म्हणोन खाली "शिफारस आहे" लिहिले आणि सही केली. कागद पंतांकडे परत. पंतांनी "जोरदार शिफारस" लिहिले. लालासाहेबांनी "लय जोरदार" लिहावयास लेखणी उचलिली, सावरिले आणि "अत्यंत जोरदार" लिहिले. बुधवार मावळला तो सह्या सहा.

गुरुवारी विशेषणे संपली. मराठी भाषेत जितकी होती तितकी दोघांनी खर्चिली आणि दोघेही थबकले. मग पंतांनी, दुसरे काही न सुचोन, खरे तेच लिहिले जे, मागील ताळेबंद जुळला तो या बाईमुळे, आमच्यामुळे नव्हे. लालासाहेबांनी ते वाचिले. बहुत वेळ मिशी चावली. फौजी माणूस, हटतो कैसा? त्यांनी लिहिले, "ऊसतोड टोळ्यांच्या तक्त्यात मी एकच गाव दोन वेळा चढविले होते. बाईने तपासणीआधी दुरुस्त केले व कोणास सांगितले नाही." आणि सही.

मग काय! शुक्रवारी पंतांनी कबूल केले जे, आम्ही पानेच्या पाने उतरविताना विसरतो, डोळे थकले आहेत, आणि बाई आमचे अक्षर गिरवोन भरून ठेविते जेणेकरोन आमची लाज राहावी. लालासाहेबांनी त्याखाली लिहिले की, मला मोठी बेरीज अजून साधत नाही, बाई करून देते. चुकांचा ऐसा कबुलीजबाब पोलीस ठाण्यातही कोणी दिला नसेल, आणि हे तर एकमेकांवर वरचढ होण्यासाठी कबूल करीत चालले! दोघेही लिहोन झाल्यावर चोरोन शरयूबाईकडे पाहत, आणि ती मान खाली घालोन आकडे लावीत असे.

परंतु एक अनर्थ मांडला होता. कागद थांबेना! शनिवार उजाडला, पहिला कागद भरला म्हणोन जोडलेल्या दुसऱ्या कागदावर पंतांनी तेरावी सही केली, घड्याळात पावणेबारा, आणि साहेबांची जीप पुण्यास निघावयास उभी. कागद हुजुरात न जाता पुन्हा लालासाहेबांकडे चालला. ज्ञानू मध्येच थांबला आणि म्हणाला, "आवं, आता बास करा की! चपलंचा अंगठा तुटला माझ्या. कागुद जायचा कवा?" लालासाहेब गरजले, "आण हिकडं! त्याची सही खाली ऱ्हायली तर मी नोकरी सोडंन!"

तेव्हा शरयूबाई उठली. सहा वर्षांत तिचा आवाज या खात्यात कोणी चढलेला ऐकिला नव्हता. तिने ज्ञानूच्या हातातील दोन्ही कागद हिसकाविले आणि म्हणाली, "तुम्ही नोकरी सोडणार नाही, लालासाहेब. ती माझी जाते आहे." आणि चालू लागली. मग लालासाहेब लेखणी उगारोन मागे धावले, लालासाहेब धावले म्हणोन पंत धावले, आणि ज्ञानू एक चप्पल हाती घेऊन सर्वांमागे.

साहेबांचा एक पाय जिपेत होता. त्यांनी उभ्यानेच दोन्ही कागद वाचिले. आधी हसले. कबुलीजबाबांपाशी आले तेव्हा हसणे थांबले. त्यांनी शरयूबाईस पुसिले, "किती वर्षं झाली?" ती म्हणाली, "सहा." साहेबांनी जिपेच्या बॉनेटवर कागद ठेवोन, पंतांच्या सहीखाली "मंजूर. आजपासून कायम" लिहिले आणि चौदावी सही केली. तिचेखाली सही करण्याची छाती साऱ्या वाळवे तालुक्यात कोणाची नव्हती. लालासाहेबांनी लेखणीचे टोपण लाविले, पंतांनी सुस्कारा टाकिला, आणि दोघांसही, आम्हांस वाटते, बरेच बरे वाटले. जाता जाता साहेबांनी हुकूम दिला की, यापुढे या खात्याच्या टिपणीवर सह्या दोनच. तोच हा ठसा.

दसऱ्यानंतर मंडळाने शिरवळाकडील एक गृहस्थ आणोन खुर्चीत बसविले. त्या दिवसापासोन पंत आणि लालासाहेब यांचा तह जाहला, आणि दोघे मिळोन त्या गृहस्थास इतके छळीत की तो वृत्तांत लिहावयास आमची शाई पुरणार नाही.

येणेप्रमाणे हिशेब खात्याचे रणी शरयूबाईची फत्ते जाहली, ही नोंद आवक-जावकीत त्याच शनिवारी, स्वहस्ते केली. सोमवारी तिला खणाची किल्ली दिली, ती आम्हीच देवघेवीच्या वहीत सही घेऊन दिली. तिने पिशवीतोन पेन्सिल, पट्टी आणि टाचणीची डबी काढोन खणात ठेविली, कुलूप घातले आणि दोनदा ओढोन पाहिले. संध्याकाळी ती रिकामी पिशवी खांद्याला लावोन एस.टी.कडे निघाली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन कुलूप पुन्हा एकदा ओढोन पाहिले.