मामाची पाठ

अक्षता पडायला थोडाच वेळ उरला होता, आणि बसलिंगप्पा निलंग्याच्या मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहून भाच्याचं वजन डोळ्यांनीच तोलत होता. भाचा मृत्युंजय चांगला क्विंटलभराचा. तो कधी उतरतोय याची घोडंसुद्धा वाट बघत होतं.

बहिणीच्या, म्हणजे गुणाआक्काच्या सासरची रीतच तशी. नवरदेवाला दारापासून पाटापर्यंत मामानं पाठंगुळी न्यायचं. पाय भुईला लागला की संसार मोडला. थोरल्या भाच्याच्या लग्नात बसलिंगप्पाची एसटी वाटेत बंद पडली, नवरदेव चालत गेला, आणि वर्षाच्या आत सुनेनं माहेर गाठलं. तेव्हापासून आक्कानं भावाला भाऊबीजेला ओवाळलं नव्हतं. बसलिंगप्पाला ते फार लागलं होतं. डॉक्टरनं पाण्याची बादलीही उचलू नको म्हणून बजावलेलं असताना तो शर्टाखाली कमरेचा पट्टा आवळून आला होता.

"मामा, मी चालतो की. कंबर दुखायलीय ना तुमची?" मृत्युंजय कुजबुजला.

"गप. तुझी माय बघायलीय."

बसलिंगप्पानं भाच्याला पाठीवर घेतलं. मंडपाच्या मध्यावर पोचला आणि कमरेत अशी उसण भरली, की तो वाकल्या जागी खिळला. पुढं जाता येईना, मागं सरता येईना. वाजंत्री थांबली. लग्न लावणारे जंगमस्वामी म्हणाले, "आटपा, मुहूर्त टळायलाय."

"पाय टेकू नगंस, मृत्युंजया," गुणाआक्का ओरडली.

"खुर्ची आणा रे, तिच्यावर टेकू द्या," नवरदेवाचे वडील गुरुपादप्पा म्हणाले.

"अन् खुर्ची काय हवंत असती का?" आक्का कडाडली.

बसलिंगप्पाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. याही वर्षी भाऊबीज गेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

पुढच्या रांगेत गुरुपादप्पांची आई चतुराबाई बसली होती. ती म्हणाली, "त्याला कशाला उचललंय? त्याचाबी जोडा चावला का?"

"कसला जोडा, माय? आपली रीत हाय ना ही."

"रीत कसली? माझ्या लग्नात तुझ्या बापाला नवा जोडा चावला व्हता. टाचा सोलल्या, चालता येईना, म्हून मामानं आणला उचलून."

"मग इतकी वर्षं बोललीस का न्हाई?"

"कुणी इचारलं? मला वाटलं, तुम्हा समद्यांचेच जोडे चावतेत."

मृत्युंजय मुकाट खाली उतरला. आक्कानं डोळे गच्च मिटले. आभाळ काही कोसळलं नाही. पण मामा सरळ होईना. तेव्हा भाच्यानं मामालाच ज्वारीच्या पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि थेट पाटाजवळ नेऊन उतरवलं. मांडव हसला. आक्काही पदर तोंडाला लावून हसली.

त्या दिवाळीला तिनं भावाला ओवाळलं. मृत्युंजयाचा संसारही दृष्ट लागण्यासारखा चालला.

पुढच्या साली बसलिंगप्पाच्या शिवहारचं लग्न निघालं. पोरगा शेवग्याच्या शेंगेसारखा, आणि त्याचा मामा उदगीरचा जुना पैलवान. शिवहार मंडपात शिरणार, तोच गुणाआत्यानं त्याला अडवलं.

"मामाला पाठीवर घे."

"आक्का, माझी कंबर धरली व्हती म्हून ते..." बसलिंगप्पा म्हणाला.

"गप रे. मृत्युंजयाला गुण आला का न्हाई?"

बसलिंगप्पानं पैलवानाकडं बघितलं, आक्काकडं बघितलं. पुढं भाऊबीज होतीच. त्यानं शर्टाखालून पट्टा सोडला आणि पोराच्या कमरेला आवळून बांधला.