विमलबाईचं हळदीकुंकू

आमच्या शेजारच्या विमलबाईकडं जेवायला बसलात ना, तर भाजीच्या आधी हुकूम येतो, "दंड दाखव!"

उस्मानपुऱ्यात कॉलेजच्या पोरापोरींची मेस चालवते ती. लस टोचून आलेल्याच्या पोळीवर तूप, बाकीच्यांची कोरडी. लस कसली, तर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. आपण बायका असलं नाव कुजबुजत घेतो की नाही? ही मेथीची जुडी निवडता निवडता भर बाजारात पोरींना सांगणार, "लहानपणी राहून गेली म्हणून काय झालं? कॉलेजच्या वयात बी घेता येती! डॉक्टरला विचारा!" भाजीवाला बिचारा मान खाली घालून कोथिंबिरीवर पाणी मारत राहतो.

एक पोरगा म्हणाला, "काकू, मी मुलगा आहे."

"मग? तुला दंड नाय का? पोरांना बी देतात ती. ह्यो रोग विषाणूनं होतो, आन् विषाणू काय आधारकार्ड बघून चढतो?"

यंदा संक्रांतीला तिनं पोरींना हळदीकुंकवाचं आवतण दिलं. आयांच्या साड्या, ठेवणीतले ब्लाऊज, गजरे, अशा नटून आल्या सगळ्या. हिनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला आन् दारातल्या रिक्षांकडं बोट केलं.

"बसा. वाण दवाखान्यात मिळणार." मलाही कोंबलं.

तिथली सिस्टर विचारते, "नवरी कोणती?"

खरी पंचाईत तर पुढंच. ब्लाऊजच्या बाह्या कोपरापर्यंत, त्याही घट्ट. एकीची वर सरकेल तर शपथ! विमलबाईनं पदराची पिन काढली आन् बाह्यांची शिवण उसवत सुटली. "आईला सांग, काकूनं उसवलं. मीच शिवून देते."

पाचोडची अश्विनी तेवढी भिंतीला टेकून उभी. "मला घ्यायचीय काकू, पण पप्पा नको म्हणलेत."

"लाव फोन. स्पीकरवर."

पप्पा पलीकडून म्हणाले, "बाई, लग्नाआधी कशाला असलं? पोरगी सरळ आहे माझी."

"सरळच हाय. लग्नाआधीच द्यायची असती ही."

"पाव्हण्यारावळ्यांत कळलं तर? असल्या रोगाचं नाव तरी कसं घ्यायचं? तुमचं काय जातंय, परक्याची पोरगी."

विमलबाईनं फोन तोंडाजवळ घेतला. इतक्या हळू आवाजात तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती म्हणाली, "भाऊ, मला धाकटी जाऊ होती. एका ताटात जेवायचो आम्ही. अंगावरून जातंय, एवढं तिनं मला बी सांगितलं नाय. कसं सांगायचं म्हणून. कळलं तवा डॉक्टरच्या हातात काय राहिलं नव्हतं."

इतक्या वर्षांची शेजारीण मी. मला हे ठाऊक नव्हतं.

फोनमधला बाजाराचा गलका कमी झाला, पप्पा बाजूला गेले असावेत. मग आवाज आला, "अशू, घे बेटा. मी येऊ का तिकडं?"

अश्विनीनं डोळे पुसत हात पुढं केला. विमलबाईनं पिन धरली, पण तिला शिवणच दिसेना. शेवटी तिच्या हातातून पिन मी घेतली.