लंकाकाकूंच्या घरचा दुधी

मिरजगावात कानिफनाथचं शेतीऔषधांचं दुकान आहे, त्यामुळे कुठल्या पिकाला काय घालायचं हे तो झोपेतही सांगतो. आईला काय घालायचं, हे खातं मात्र बायकोकडे, भारतीकडे. दुपारी तो दुकानात, त्या दोघी घरात. त्या दिवशी भारती चुलतबहिणीच्या लग्नाला श्रीगोंद्याला निघाली आणि जाताना बजावून गेली, की आईंना प्रेशरची गोळी जेवल्यावरच द्यायची, उपाशीपोटी अजिबात नाही. म्हातारीला जेवू घालायचं त्यात काय एवढं, असं कानिफनाथ म्हणाला. भारती नुसती हसली, तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं.

आईने, म्हणजे गोजरबाईंनी, ताट पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी मीठ तोडल्यापासून घरच्या अन्नावर त्यांचा बहिष्कार होता. कानिफनाथने विनवलं, दटावलं, दुकानातल्या सवयीने दुधीचे फायदेही सांगितले. दुपार कलायला लागली, गोळी पाकिटात आणि आई उपाशी. शेवटी त्याने भारतीला फोन लावला. मागे बँड एवढा दणकत होता, की जेमतेम एक वाक्य पोचलं.

"लंकाकाकूंनी पाठवलंय म्हना, मंग जेवत्यात."

कानिफनाथला आईशी खोटं बोलता येत नसे. तेव्हा लंकाकाकूंनी खरोखरच पाठवायला हवं, असं त्याने ठरवलं. भाजीची वाटी झाकून तो मागच्या दाराने शेजारी गेला. भिंत सामाईक, पलीकडे आईचे कान, त्यामुळे खुलासा करता येईना. लंकाकाकूंना तो वानोळा वाटला. त्यांनी भाजी ठेवून घेतली, आणि शेजारणीचं भांडं रिकामं कसं धाडायचं म्हणून त्यात खर्डा भरून दिला. प्रेशरच्या माणसाला खर्डा! दुसरी वाटी त्याने पलीकडच्या रंगुबाईंकडे नेली. तिकडून लोणचं आलं. घरातली भाजी संपली, मीठ तेवढं वाढत गेलं.

मग कानिफनाथने आयुष्यातला पहिला दुधी चिरला, शिजवला, बराचसा करपवला आणि सरळ आईपुढे ठेवला.

"आई, ही भाजी मीच केली. लंकाकाकू काय बी धाडत न्हाईत. भारती रोज तुला फसवती."

गोजरबाईंनी त्याच्याकडे फवारणी वाया गेलेल्या रोपाकडे बघावं तसं बघितलं.

"मला ठावं न्हाई व्हय? लंकाच्या भाजीच्या तिखटानं डोळ्यातनं पानी येतं, ही तर अळनी."

"मग जेवतीस कशाला?"

"ती पोर माज्यासाटी उनातनं मागल्या दारानं जाती, आख्ख्या गल्लीला वळसा घालून पुढनं येती. डोक्यावर पदर, हातात झाकलेली वाटी. लंकाचा आवाज काढून हाक मारती, 'आक्का, हायसा का घरात?' एवढं सोंग कोन करतंय रं कुनासाटी? आन मी मिटाला रडत बसू?"

घरात रोज भरदुपारी एवढं चालतं आणि बायकोने संध्याकाळी कधी त्याचा शब्द काढला नव्हता. गोजरबाईंनी वाटी त्याच्याकडे सरकवली.

"जा. वळसा घालून ये."

तो गेला. चौकात दुकानाच्या दोन गिऱ्हाइकांनी त्याला रामराम घातला, त्याने वाटीसकट मान हलवली. पुढच्या दारात उभं राहून घसा खाकरला आणि जमेल तेवढा आवाज बारीक केला.

"आक्का, हायसा का घरात?"

"कोन हाय?"

"लंका."

"ये की. पदर कुटाय तुजा?"

कानिफनाथने खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि आत शिरला. गोजरबाईंनी करपलेल्या फोडींसकट वाटी पुसून खाल्ली, आणि गोळीसाठी हात पुढे केला.